सिस्टिम लायब्ररीचे फंक्शन थ्रेड-सेफ आहे की नाही, हे कसे ठरवावे

सी किंवा सी++ मधला प्रोग्राम लिनक्स, मॅकओएस आणि विंडोज या तिन्हींवर चालवायचा असेल, तर ‘हे फंक्शन थ्रेड-सेफ आहे का’ (म्हणजे प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या अनेक प्रवाहांनी, म्हणजेच थ्रेडनी, ते एकदम बोलावले तरी बरोबर चालते का) या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही अशा एका शब्दात देता येत नाही. एकाच नावाचे फंक्शन एका लायब्ररीत सर्व थ्रेडसाठी मिळून एकच बफर (उत्तर ठेवण्याची जागा) वापरते, तर दुसऱ्या लायब्ररीत प्रत्येक थ्रेडला त्याचा स्वतंत्र बफर देते. काही फंक्शनांचे वागणे तर त्याच लायब्ररीच्या पुढच्या आवृत्तीत बदलते. त्रुटी-क्रमांकाचा संदेश देणारे स्ट्रएरर हे याचे चांगले उदाहरण आहे. जीलिबसी या लिनक्सवरील सी लायब्ररीत ते अनेक वर्षे थ्रेड-सेफ नव्हते आणि 2020 साली आलेल्या 2.32 या आवृत्तीपासून ते थ्रेड-सेफ झाले. म्हणून प्रश्न नेहमी पूर्ण विचारावा: कोणते फंक्शन, कोणत्या लायब्ररीतले, कोणत्या आवृत्तीतले, आणि कोणत्या सामाईक स्थितीच्या बाबतीत सुरक्षित? शिवाय उत्तर शोधताना लायब्ररीने लेखी काय कबूल केले आहे ते पाहावे. आपल्या यंत्रावर ते फंक्शन आज कसे वागते, ही दुय्यम बाब आहे. हा क्रम उलटा झाला की वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला प्रोग्राम दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर नेल्यावर अचानक चुकीची उत्तरे देऊ लागतो.

आधी तपासायची नावे गोळा करावीत

सर्व लायब्ररी तपासण्याची गरज नसते. आपला प्रोग्राम प्रत्यक्ष जी फंक्शने वापरतो तेवढीच तपासावीत. लिनक्स आणि मॅकओएसवर एनएम हे साधन तयार बायनरीतील बाहेरून घेतलेल्या चिन्हांची यादी देते, तर विंडोजवर डंपबिनच्या इम्पोर्ट्स या पर्यायाने तीच माहिती मिळते. सोर्समध्ये नावे शोधण्यापेक्षा ही पद्धत अधिक विश्वासार्ह आहे, कारण आपण स्वतः कधीच न लिहिलेले पण जोडलेल्या स्थिर लायब्ररीने आत बोलावलेले फंक्शनही या यादीत येते. डायनॅमिक लायब्ररी मात्र वेगळ्या फाइलमध्ये राहत असल्याने त्यांची यादी स्वतंत्रपणे काढावी लागते.

यादी हाती आली की प्रत्येक फंक्शनाच्या प्रोटोटाइपकडे (ते काय घेते आणि काय परत करते हे सांगणाऱ्या घोषणेकडे) पाहावे. अनुभवी नजरेला निम्मे संशयित तिथेच दिसतात. आपण न दिलेल्या जागेचा पॉइंटर जे फंक्शन परत करते, त्याने ती जागा कुठून आणली, हा पहिला प्रश्न असतो. लोकलटाइम, इनेट_एनटोए, गेटहोस्टबायनेम आणि टीटीवायनेम ही सर्व या वर्गातली आहेत. दुसरा वर्ग एका कॉलमधली माहिती पुढच्या कॉलपर्यंत स्वतःजवळ ठेवणाऱ्या फंक्शनांचा आहे. स्ट्रटॉक, रँड आणि गेटऑप्ट ही त्याची उदाहरणे आहेत. तिसरा वर्ग संपूर्ण प्रोसेसची स्थिती बदलणाऱ्यांचा आहे, जसे की सेटलोकेल, सेटएन्व्ह, सीएचडिर आणि यूमास्क. या तिसऱ्या वर्गाकडे विशेष लक्ष द्यावे. चालू डिरेक्टरी बदलणारे सीएचडिर हे पॉझिक्स या युनिक्स-सदृश प्रणालींच्या मानकाच्या व्याख्येप्रमाणे थ्रेड-सेफ आहे, कारण दोन थ्रेडनी ते एकदम बोलावले तरी आतली कोणतीही रचना बिघडत नाही. पण एका थ्रेडने चालू डिरेक्टरी बदलली की दुसऱ्या थ्रेडचे सापेक्ष मार्ग भलत्याच ठिकाणी उघडतात. फंक्शन थ्रेड-सेफ असले म्हणून त्याचा वापर सुरक्षित ठरत नाही, आणि अशा ठिकाणी ओपनअॅट या गटातली, डिरेक्टरीचा डिस्क्रिप्टर उघडपणे घेणारी फंक्शने वापरणे हाच खरा उपाय आहे.

प्रोटोटाइप पाहून न कळणारे अपवादही असतात. एलगामा हे वरकरणी निव्वळ गणिती फंक्शन आहे: एक संख्या घेते आणि एक संख्या परत करते. तरीही पॉझिक्स प्रणालींवर ते गामा फंक्शनाचे चिन्ह साइनगॅम या ग्लोबल चलात लिहिते, आणि म्हणून थ्रेड-सेफ असण्याची हमी त्याला नाही. एवढ्यासाठीच नजरेच्या अंदाजावर थांबू नये आणि लेखी आधार पाहावा.

पॉझिक्स काय कबूल करते

पॉझिक्सची रीत अशी आहे की मानकात दिलेली सर्व फंक्शने थ्रेड-सेफ असली पाहिजेत, असे आधी सांगायचे आणि मग अपवादांची यादी द्यायची. 2008 च्या आवृत्तीत ही यादी सिस्टिम इंटरफेसेस या खंडाच्या 2.9.1 या कलमात आहे. लोकलटाइम, जीएमटाइम, सीटाइम, स्ट्रटॉक, स्ट्रएरर, रँड, रीडडिर, गेटएन्व्ह, सेटएन्व्ह, इनेट_एनटोए, डीएलएरर, बेसनेम, डिरनेम, सिस्टिम अशी नावे तिथे सापडतात. बेसनेम आणि डिरनेम ही दोन नावे तिथे पाहून अनेकांना आश्चर्य वाटते. ती स्थिर जागेचा पॉइंटर परत करू शकतात, म्हणून ती तिथे आहेत. याच यादीच्या जोडीने काही सशर्त अपवाद दिले आहेत: टीएमपीनॅमला शून्य पॉइंटर दिला तर हमी नाही, आपला बफर दिला तर आहे. ही अट वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

यादीतील शब्दरचनेचा अर्थ नीट घ्यावा. या फंक्शनांनी थ्रेड-सेफ ‘असण्याची गरज नाही’, एवढेच मानक म्हणते. ती असुरक्षितच असतात असे ते म्हणत नाही. एखाद्या लायब्ररीने त्यांपैकी काही सुरक्षित केली, तर ती तिची स्वतःची भर असते. जीलिबसीमधले रँड आत लॉक घेते, त्यामुळे दोन थ्रेडनी ते एकदम बोलावल्याने बिघाड होत नाही. मात्र ही सोय दुसऱ्या लायब्ररीत असेलच असे धरून चालता येत नाही.

लोकलटाइमच्या बाबतीत मानक एक तपशील आणखी देते, आणि भारतात काम करणाऱ्याने तो लक्षात ठेवावा असा आहे. एएससीटाइम, सीटाइम, जीएमटाइम आणि लोकलटाइम ही चारही फंक्शने आपली उत्तरे दोन स्थिर जागांपैकी एकीत ठेवू शकतात: एक वेळेच्या फोडीची रचना आणि एक अक्षरांचा अॅरे. म्हणजे एका थ्रेडने लोकलटाइम बोलावून उत्तर वाचायला घ्यावे आणि तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडने जीएमटाइम बोलावावे, तर पहिल्याच्या हाती जागतिक वेळ पडू शकते. लॉगमध्ये एखादीच नोंद बरोबर साडेपाच तास मागे दिसत असेल, तर टाइमझोनच्या मांडणीवर संशय घेण्याआधी हे तपासावे.

जीलिबसीच्या खुणा कशा वाचाव्यात

लिनक्सवरील बहुतेक वितरणांत जीलिबसी असते, आणि तिची पुस्तिका या विषयावर इतर कोणत्याही लायब्ररीपेक्षा अधिक काटेकोर आहे. प्रत्येक फंक्शनासमोर तीन खुणा असतात. एमटी ही खूण थ्रेडसंबंधी आहे, एएस ही सिग्नल हँडलरमधून (प्रणालीचा सिग्नल आला की चालू काम मध्येच थांबवून चालणाऱ्या फंक्शनातून) बोलावण्यासंबंधी आणि एसी ही थ्रेड मध्येच रद्द होण्यासंबंधी आहे. या तिन्हींची गल्लत करू नये. मॅलॉक अनेक थ्रेडमधून निर्धास्तपणे बोलावता येते, पण सिग्नल हँडलरमधून बोलावले तर त्याच थ्रेडने आधीच धरलेल्या लॉकवर प्रोग्राम कायमचा अडकू शकतो.

खुणेपुढचे शब्द खुणेइतकेच महत्त्वाचे असतात, आणि घाईत वाचणारा नेमके तेच सोडून देतो. लोकलटाइमपुढे ‘एमटी-अनसेफ रेस:टीएमबफ एन्व्ह लोकेल’ असे लिहिलेले असते. म्हणजे टीएमबफ नावाच्या सामाईक बफरवर शर्यत आहे (अनेक थ्रेड एकाच जागी एकदम वाचू-लिहू शकतात), शिवाय फंक्शन एन्व्हायर्नमेंट (प्रोसेसला मिळालेली नाव-मूल्य चलांची यादी) आणि लोकेल (भाषा व प्रदेशाची मांडणी) वाचते. लोकलटाइम_आरपुढे ‘एमटी-सेफ एन्व्ह लोकेल’ असते. बफरची शर्यत गेली, पण एन्व्ह हा शब्द उरला. त्याचा अर्थ असा की त्याच वेळी कोणी एन्व्हायर्नमेंट बदलत नसेल, तरच हे फंक्शन सुरक्षित आहे. सेटएन्व्हपुढे ‘कॉन्स्ट:एन्व्ह’ असते. म्हणजे इतर फंक्शने जी गोष्ट स्थिर धरून चालतात, तीच हे फंक्शन बदलते. एन्व्ह आणि कॉन्स्ट:एन्व्ह या खुणा एकमेकींच्या जोडीने वाचाव्यात: प्रोग्राममध्ये दुसऱ्या खुणेचे एकही फंक्शन थ्रेड सुरू झाल्यावर बोलावले जात नसेल, तर पहिल्या खुणेची सर्व फंक्शने त्या बाबतीत निर्धोक असतात. इनिट ही खूण असलेल्या फंक्शनांचा पहिला कॉल थ्रेड सुरू करण्यापूर्वी करून घ्यावा.

बहुतेक नोंदींच्या सुरुवातीला ‘प्रिलिमिनरी’ असा शब्द असतो. पुस्तिका स्वतःच सांगते की अशी नोंद सध्याच्या अंमलबजावणीच्या परीक्षणातून आलेली आहे आणि पुढच्या आवृत्त्यांत तिच्यावर भिस्त ठेवू नये. म्हणून जिथे जीलिबसी सुरक्षित म्हणते पण पॉझिक्स हमी देत नाही, तिथे पॉझिक्सचे ऐकावे. हाच तक्ता थोडक्यात लिनक्सच्या मॅन पानांत (प्रणालीसोबत येणाऱ्या मदतपानांत) अॅट्रिब्यूट्स या विभागात मिळतो, आणि रोजच्या कामाला तो पुरतो.

विंडोजचे वेगळे गणित

मायक्रोसॉफ्टच्या सी रनटाइमने जुन्या फंक्शनांचे प्रोटोटाइप तसेच ठेवून त्यांची आतली स्थिती प्रत्येक थ्रेडसाठी वेगळी केली. स्ट्रटॉक, लोकलटाइम, जीएमटाइम, एएससीटाइम, स्ट्रएरर यांची साठवण तिथे थ्रेड-लोकल असते. त्यामुळे दोन थ्रेडनी एकाच वेळी स्ट्रटॉक वापरले तरी काही बिघडत नाही, आणि केवळ विंडोजवर वाढलेल्या प्रोग्राममध्ये असे कॉल जागोजागी आढळतात. तो कोड लिनक्सवर कोणत्याही तक्रारीविना कंपाइल होतो, एका थ्रेडने केलेल्या चाचण्याही पार करतो, आणि भार वाढल्यावर एका विनंतीचे तुकडे दुसऱ्या विनंतीत मिसळू लागतात.

मात्र थ्रेडनिहाय साठवण म्हणजे पुनःप्रवेशाची सोय नव्हे. विंडोजवरही एकाच थ्रेडमध्ये ओळ तोडताना आतल्या लूपमध्ये शब्द तोडण्यासाठी पुन्हा स्ट्रटॉक बोलावले, तर बाहेरच्या लूपची जागा हरवते. रँडचा बीजांकही तिथे थ्रेडनिहाय असतो. मुख्य थ्रेडमध्ये एसरँड बोलावल्याने इतर थ्रेडना ते बीज मिळत नाही. सेटलोकेल मात्र मुळात सर्व थ्रेडना लागू होते आणि ते थ्रेडनिहाय करायचे असल्यास _कॉन्फिगथ्रेडलोकेल हे फंक्शन वापरावे लागते. गेटएन्व्ह आणि _पुटएन्व्ह यांचे गट थ्रेड-सेफ नाहीत असे मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे ‘विंडोजवर सगळे थ्रेड-लोकल असते’ हे सर्रास ऐकू येणारे विधानही अर्धेच खरे आहे.

उरलेल्या लायब्ररींबद्दल थोडक्यात सांगता येईल. अल्पाइन लिनक्समध्ये मसल ही लायब्ररी असते. कंटेनरसाठी अल्पाइन वापरणाऱ्यांनी जीलिबसीच्या पुस्तिकेतील सवलती मसलला लागू आहेत असे समजू नये. सोलारिस या युनिक्स प्रणालीच्या मॅन पानांत एमटी-लेव्हल नावाची स्वतंत्र नोंद असते. मॅकओएस आणि बीएसडी यांच्या मॅन पानांत असा ठराविक विभाग नाही. माहिती असली तर बहुधा वर्णनात किंवा बग्ज या विभागात विखुरलेली असते, आणि नसली तर पॉझिक्सच्या यादीवरच निर्णय करावा. मॅन पानाने काहीच म्हटलेले नाही याचा अर्थ फंक्शन सुरक्षित आहे, असा कधीही काढू नये.

पर्यायी फंक्शनांच्या नावांवर विसंबू नये

असुरक्षित फंक्शनांच्या जागी ‘_आर’ शेपटीची फंक्शने घ्यावीत, हा सल्ला बरोबर असला तरी अपुरा आहे, कारण नाव सारखे आणि व्यवहार वेगळा अशी उदाहरणे इथे बरीच आहेत. गेटहोस्टबायनेम_आर लिनक्सवर सहा आर्ग्युमेंट घेते, सोलारिसवर पाच आणि एआयएक्सवर तीन. मॅकओएसवर ते मिळतच नाही. त्यामागे न लागता थेट गेटअॅडरइन्फो वापरावे, कारण ते पॉझिक्समध्ये आहे आणि विंडोजवरही उपलब्ध आहे. इनेट_एनटोएऐवजी इनेट_एनटॉप घ्यावे.

लोकलटाइम_आर आधी वेळेचा पॉइंटर घेते आणि मग रचनेचा. मायक्रोसॉफ्टचे लोकलटाइम_एस नेमक्या उलट क्रमाने घेते, आणि सी11 या सी भाषेच्या मानकाच्या के परिशिष्टातील त्याच नावाच्या फंक्शनाचा क्रम पुन्हा पहिल्यासारखा आहे. मायक्रोसॉफ्टचे स्ट्रटॉक_एस तीन आर्ग्युमेंट घेते, तर परिशिष्टातले चार. या चुका निदान कंपायलरच्या नजरेस येतात. क्यूसॉर्ट_आरची गोष्ट अधिक नाजूक आहे: जीएनयू पद्धतीत तुलनेच्या फंक्शनाला संदर्भाचा पॉइंटर शेवटी मिळतो, तर मॅकओएसवरील बीएसडी पद्धतीत तो सुरुवातीला मिळतो, आणि विंडोजच्या क्यूसॉर्ट_एसमध्येही तुलनेच्या फंक्शनाला तो आधीच मिळतो. सर्व पॉइंटर जवळपास एकाच प्रकारचे असल्यामुळे सी कंपायलर काही वेळा केवळ इशारा देऊन पुढे जातो.

सर्वांत फसवे आहे ते स्ट्रएरर_आर. पॉझिक्सची आवृत्ती पूर्णांक परत करते आणि संदेश आपल्या बफरमध्ये लिहिते. जीएनयूची आवृत्ती संदेशाचा पॉइंटर परत करते, आणि तो संदेश आपल्या बफरमध्ये लिहिण्याचे बंधन तिच्यावर नसते. कोणती आवृत्ती मिळेल हे _जीएनयू_सोर्स या मॅक्रोवर ठरते, आणि जी++ हा सी++ कंपायलर तो मॅक्रो आपण न सांगताच चालू ठेवतो. परत आलेले मूल्य न पाहता थेट बफर छापणारा कोड जी++ खाली कंपाइल होतो, आणि कधीही न भरलेला बफर छापतो.

लोकलटाइम_आरबाबत एक बारकावा राहिला. लोकलटाइम दर वेळी टीझेडसेट (टाइमझोनची माहिती वाचून घेणारे फंक्शन) बोलावल्यासारखे वागते. लोकलटाइम_आरवर ते बंधन नाही. म्हणून थ्रेड सुरू करण्यापूर्वी मुख्य थ्रेडमध्ये एकदा टीझेडसेट बोलावून ठेवावे.

साधनांकडून आणि चाचण्यांकडून काय मिळते

सोर्स कोड तपासणाऱ्या क्लँग-टायडी या साधनात ‘कन्करन्सी-एमटी-अनसेफ’ नावाची तपासणी आहे, आणि तिला पॉझिक्सची यादी वापरायची, जीलिबसीची वापरायची की दोन्ही, हे फंक्शनसेट या पर्यायाने सांगता येते. प्रोग्राम अनेक प्लॅटफॉर्मवर जाणार असेल तर दोन्ही याद्या चालू ठेवाव्यात. येणारे इशारे सुरुवातीला जास्त वाटतात, पण त्यांतला प्रत्येक इशारा किमान एकदा तरी पाहण्याजोगा असतो.

जीसीसी आणि क्लँग या दोहोंत मिळणारे थ्रेडसॅनिटायझर प्रत्यक्ष चालताना झालेल्या डेटा रेस (वर सांगितलेल्या शर्यती) पकडते. त्याची मर्यादा समजून घ्यावी: आपला कोड स्मृतीच्या वापराची नोंद ठेवणाऱ्या जादा सूचनांसह कंपाइल होतो, पण सिस्टिमची सी लायब्ररी तशी कंपाइल झालेली नसते. तिच्या ज्या फंक्शनांना त्याने स्वतः मध्ये अडवून धरलेले आहे, तेवढ्यांचेच व्यवहार त्याला दिसतात. शिवाय चाचणीत जो मार्ग चाललाच नाही, त्याविषयी ते काहीच सांगू शकत नाही. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये ते उपलब्ध नाही.

एक छोटी चाचणी मात्र कोणत्याही प्लॅटफॉर्मवर करता येते. दोन थ्रेड सुरू करावेत, दोन्ही एकाच वेळी जिवंत राहतील अशी व्यवस्था करावी, दोघांतून लोकलटाइम बोलवावे आणि परत आलेले पत्ते छापावेत. पत्ते सारखे असतील तर बफर सामाईक आहे हे सिद्ध झाले. वेगळे असतील तर त्या यंत्रावर, त्या आवृत्तीत बफर थ्रेडनिहाय आहे एवढेच कळले. पहिला थ्रेड संपल्यावर दुसरा सुरू केला तर थ्रेड-लोकल जागाही पुन्हा वापरली जाऊन पत्ते सारखे येऊ शकतात, म्हणून दोन्ही एकत्र जिवंत असणे आवश्यक आहे. अशा चाचणीने असुरक्षितता सिद्ध होते. सुरक्षितता सिद्ध होत नाही.

एन्व्हायर्नमेंटचा प्रश्न

या विषयातील सर्वांत अवघड भाग हा आहे, आणि इथे केवळ फंक्शन बदलून सुटका होत नाही. गेटएन्व्ह सामाईक अॅरेमधून शोध घेते आणि त्याच सामाईक स्मृतीतील पॉइंटर परत करते. सेटएन्व्हला तो अॅरे वाढवायचा असेल तर ते त्याची जागा बदलू शकते, आणि तेव्हा वाचणारा थ्रेड सोडून दिलेल्या स्मृतीतून फिरत राहतो. नुसता आत लॉक घातल्यानेही भागत नाही, कारण पॉइंटर लॉकच्या बाहेर येतो आणि नंतर वाचला जातो. जीलिबसीच्या 2.41 या आवृत्तीत गेटएन्व्ह अधिक परिस्थितींत सुरक्षित करण्यात आले, पण आपला प्रोग्राम जुन्या वितरणांवरही चालणार असतो.

वाचणारे लपलेले असतात, ही खरी अडचण आहे. वेळेची फंक्शने टीझेड हे टाइमझोनचे चल वाचतात, सेटलोकेल भाषेची चले वाचते, आणि गेटअॅडरइन्फोच्या नोंदीतही एन्व्ह ही खूण असते. रस्ट भाषेच्या जगात टाइम आणि क्रोनो या दोन लोकप्रिय लायब्ररींविरुद्ध सुरक्षा-सूचना निघाल्या, त्या याच कारणाने: रस्टची प्रमाण लायब्ररी आपल्या कॉलभोवती लॉक घेत होती, पण सी लायब्ररीतले लोकलटाइम_आर तो लॉक न घेताच एन्व्हायर्नमेंट वाचत होते. पुढे रस्टच्या 2024 या एडिशनमध्ये एन्व्हायर्नमेंट बदलणारे सेट_व्हार हे फंक्शन अनसेफ ठरवण्यात आले.

यावर टिकणारा उपाय शिस्तीचा आहे. एन्व्हायर्नमेंटमध्ये जे बदल करायचे ते मुख्य थ्रेडने, इतर थ्रेड सुरू होण्यापूर्वी करावेत. जी मूल्ये लागणार आहेत ती त्याच वेळी वाचून आपल्या रचनेत नकलून ठेवावीत. आणि उपप्रोसेसला वेगळे एन्व्हायर्नमेंट हवे असेल तर सेटएन्व्ह न बोलावता पॉझिक्स_स्पॉन, एक्झेकव्हीई किंवा क्रिएटप्रोसेस यांना वेगळा अॅरे द्यावा. जोडलेली एखादी लायब्ररी मधेच सेटएन्व्ह बोलावते का, हे सुरुवातीला काढलेल्या चिन्हांच्या यादीतून तपासता येते.

निर्णय कोडमध्ये नोंदवावा

प्रत्येक संशयित फंक्शनासाठी आपले एक आवरण-फंक्शन लिहावे, त्यात प्लॅटफॉर्मप्रमाणे फाटे करावेत, आणि बाकीच्या कोडमध्ये मूळ नाव वापरण्यास मनाई करावी. जीसीसीमध्ये पॉइझन प्राग्माने (दिलेले नाव पुढे वापरले तर त्रुटी देण्याच्या सूचनेने) ही मनाई अमलात आणता येते. मात्र सिस्टिमची सर्व हेडर समाविष्ट झाल्यानंतरच तो लिहावा, नाहीतर हेडरमधील घोषणाच अडेल. आवरणावरील टिप्पणीत कोणत्या मानकाच्या किंवा लायब्ररीच्या कोणत्या आवृत्तीच्या आधारे निर्णय घेतला, आणि एन्व्ह, लोकेल अशा कोणत्या अटी उरल्या आहेत, ते लिहावे. नवा प्लॅटफॉर्म जोडताना, किंवा कंटेनरची मूळ प्रतिमा डेबियनवरून अल्पाइनवर नेताना, त्या टिप्पण्या एकेक करून पुन्हा तपासाव्यात.